तिथलं पाणी कुणाचं तरी असतं

वाचकाचं पत्र

प्रिय ताई,

मी नाशिकला शाळेत शिकवते. आमचा चौदा जणांचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे. गेली अकरा वर्षं आम्ही सह्याद्रीत फिरतोय, साल्हेर, हरिहर, हरिश्चंद्रगड असं बरंच काही झालंय. आता येत्या दिवाळीच्या सुट्टीत थरचं वाळवंट चालायचं ठरतंय. जैसलमेरहून निघून आठ दिवसांत तनोटला पोहोचायचं, साधारण सव्वाशे किलोमीटर. सगळं आयोजन माझ्या गळ्यात पडलंय.

ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. तरुण मुलांचं म्हणणं, तंबू, शिधा, पाणी सगळं पाठीवर घ्यायचं, उंट घेतले तर तो ट्रेक कसला, ती सहल. बाकीचे गप्प आहेत, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. त्यात माझी मावशी. वय ६३, इन्सुलिन घेते, कळसूबाई तीनदा चढलेली. ‘मला नेलं नाहीस तर तुझ्याशी बोलणार नाही’ म्हणते. नाही म्हणायची हिंमत होत नाही आणि हो म्हणायची भीती वाटते. गेला महिनाभर मला पाणी संपल्याची स्वप्नं पडतायत. सुरुवात कुठून करू?

— धास्तावलेली एक आयोजक, नाशिक

उत्तर

सुरुवात त्या स्वप्नापासूनच करा. ग्रुपमधले बाकी सगळे वाळूच्या टेकड्या, उंट आणि सूर्यास्ताच्या गोष्टी करत असताना तुमचं मन नेमक्या जागी अडकलंय. वाळवंटातल्या चालीचा आराखडा म्हणजे पाण्याचा आराखडा. रोज किती चालायचं, कुठे मुक्काम करायचा, किती माणसं न्यायची, हे सगळं त्याच्या मागून ठरतं.

सतरा वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण खुडी गावाच्या बाजूला चालत होतो. जानेवारीचे दिवस. आमच्या वाटाड्याचा अंदाज चुकला आणि दुपारी दोन वाजताच आमच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. तासाभराने एक ढाणी लागली. ढाणी म्हणजे चार-सहा घरांची वस्ती, आपल्याकडच्या वाडीसारखी. अंगणाच्या कडेला जमिनीत बांधलेला गोल टांका होता, वर लोखंडी झाकण, आणि झाकणाला कुलूप. पाण्याला कुलूप मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. घरातल्या बाईने काही न विचारता कमरेची किल्ली काढली, झाकण उघडलं, बादली सोडली. आम्ही भराभर बाटल्या भरल्या. आमच्यातल्या एकाने तोंड धुतलं, हात धुतले, बुटांवरही थोडं ओतलं. आमचं झाल्यावर तिने एक गाठी मारलेली दोरी टांक्यात सोडली आणि वर ओढली. दोरी खालच्या दोन गाठींपर्यंतच ओली होती. तिने ती ओली जागा अंगठ्याने चाचपली, दोरी गुंडाळली आणि कुलूप लावलं. बोलली काहीच नाही. पैसे दिले तर घेतले नाहीत. पुढे वाटाड्याने सांगितलं की तिथे शेवटचा पाऊस ऑगस्टमध्ये झाला होता, आणि पुढचा जुलैच्या आधी येणार नव्हता.

आपल्याला सह्याद्रीने एक सवय लावली आहे. गडावर कातळात खोदलेलं टाकं दिसलं की आपण झुकतो आणि पितो. ते पाणी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांचं. थरमध्ये शब्द जवळजवळ तोच आहे, पण टांका हा एका घराचा असतो. छपरावरून आणि अंगणातून वाहून आलेला पाऊस वर्षभरासाठी साठवलेला. जैसलमेरला वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरही होत नाही. इगतपुरीत जुलैच्या एका जोरदार दिवसात तेवढा पडून जातो, हे नाशिकच्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून ‘वाटेत गावं आहेत, पाणी मिळेल’ हे वाक्य तुमच्या नियोजनातून काढून टाका. पाणी मिळेल, कारण तिथली माणसं नाही म्हणत नाहीत. पण चौदा जणांनी भरून घेतलेलं पाणी कुणाच्या तरी उन्हाळ्यातून वजा होतं.

तिथे पाण्याला तीन नावं आहेत. आकाशातून पडणारं ते पालर पाणी. खूप खोल विहिरीतून येणारं ते पाताळ पाणी, आणि ते बऱ्याच ठिकाणी इतकं खारं असतं की तहान भागत नाही, पोट मात्र बिघडतं. तिसरं रेजाणी पाणी. काही भागांत वाळूखाली जिप्समचा थर असतो, त्यामुळे मुरलेला पाऊस खाली खाऱ्या पाण्यात न मिसळता वाळूतच ओलावा होऊन अडकतो. तिथे बेऱ्या आणि कुंई, म्हणजे अरुंद विहिरी, खणतात आणि झिरपणारं पाणी थेंबाथेंबाने गोळा होतं. एका बेरीत दिवसाला दोन-तीन घागरीच पाणी जमतं. तिच्यातून चौदा बाटल्या भरण्याचा विचारही मनात आणू नका. आणखी एक शब्द पाठ करून जा, आगोर. तळ्यात किंवा नाडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, पाणी वाहून आणणारी चहूबाजूची उघडी जमीन म्हणजे आगोर. दिसायला ओसाड माळ. पण गाव ती जिवापाड स्वच्छ ठेवतं. आमच्या ग्रुपमधली दोन मुलं सकाळी आडोसा शोधत नेमकी तिथे गेली होती, आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी हात जोडून त्यांना परत बोलावलं. तेव्हाची लाज अजून माझ्या मनातून गेलेली नाही. शौचाला कुठे जायचं हे प्रत्येक मुक्कामावर आधी गावकऱ्यांना विचारा. कोरड्या वाळूत काही कुजत नाही, म्हणून कागद पिशवीत घालून परत आणा.

आता हिशेब. थंडीच्या दिवसांत चालणाऱ्या माणसाला प्यायला चार लिटर धरा. स्वयंपाक, चहा आणि हात-तोंड मिळून आणखी दोन. माणशी सहा लिटर, चौदा जणांचे चौऱ्याऐंशी. कधी वाट चुकते, कधी कुणी आजारी पडतं, म्हणून नेहमी दोन दिवसांचं पाणी जवळ हवं. म्हणजे १६८ लिटर, म्हणजेच १६८ किलो. हे तुमच्या तरुण मुलांना फळ्यावर लिहून दाखवा. प्रत्येकाच्या पाठीवर नुसतं पाणी बारा किलो, त्यावर तंबू, झोपायची पिशवी, शिधा. चोवीस-पंचवीस किलो घेऊन मऊ वाळूत चालताना पाय घोट्यापर्यंत आत जातो आणि प्रत्येक पावलाला थोडा मागे घसरतो. घाम जास्त, म्हणून पाणी जास्त, म्हणून ओझं जास्त.

उंट घेतल्याने ट्रेक खोटा ठरतो, असं म्हणणाऱ्यांना वारीची आठवण करून द्या. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास माणसं चालतात. दिंडीचं सामान ट्रकमधून पुढे जातं, पाण्याचा टँकर बरोबर असतो, मुक्कामाला स्वयंपाकाची मंडळी आधी पोहोचलेली असतात. आजवर कुणी म्हटलंय का की सामान ट्रकमध्ये होतं म्हणून तुमची वारी मोजायची नाही? लांबची वाट समूहाने कशी चालायची, हे मराठी माणसाला शिकायला दुसरीकडे जायची गरज नाही. दिंडीत पुढे कोण, मागे कोण, थांबायचं कधी, हे ठरलेलं असतं. तुमच्या ग्रुपची चौदा जणांची दिंडी करा.

एक उंट दीडशे किलो आरामात वाहतो. दोन उंट पाण्याला, तीन सामानाला, असे पाच पुरतात. उंटाबरोबर उंटवाला येतो, आणि खरी गरज त्याची आहे. कुठली बेरी आटली आहे, कुठल्या ढाणीवर लग्न आहे, वारा कुठून फिरणार आहे, हे त्यालाच ठाऊक असतं. शिवाय मला हेही मनापासून सांगायचंय की उंट पाळणं आता परवडत नाही म्हणून घरोघरचे उंट संपत चाललेत. २०१२च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते, २०१९मध्ये अडीच लाख राहिले. राजस्थानने २०१४मध्ये उंटाला राज्यप्राण्याचा दर्जा दिला, पण उंट टिकायचा तर त्याला काम आणि मालकाला मजुरी मिळायला हवी. तुमचे आठ दिवसांचे पैसे एका घराला लागतील. घासाघीस करू नका. फक्त उंटांच्या पाठीवर जखमा नाहीत ना, हे निघायच्या आधी पलाण, म्हणजे खोगीर, उतरवून बघा. जखम दिसली तर तो उंट नको म्हणून स्पष्ट सांगा.

मार्गाबद्दल मी जरा कठोर बोलणार आहे. तनोट सोडून द्या. जैसलमेरहून डांबरी रस्त्याने तनोटच्या देवीच्या दर्शनाला जाता येतं, लोंगेवालाचं रणांगणही बघता येतं. डिसेंबर १९७१मध्ये आपल्या मूठभर जवानांनी एका रात्रीत रणगाडे अडवले ती जागा प्रत्येकाने बघावी. पण रस्ता सोडून त्या पट्ट्यात चालत जाणं आणि उघड्यावर रात्र काढणं ही वेगळी गोष्ट आहे. सीमेलगतचा भाग अधिसूचित आहे, बाहेरच्या माणसाला तिथे प्रशासनाच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. रात्री क्षितिजावर दिव्यांची सरळ रांग दिसली तर ते गाव समजून तिकडे चालू लागू नका. ते सीमेवरच्या कुंपणाचे दिवे असू शकतात. सॅटेलाइट फोन आणि त्या प्रकारची संदेश पाठवणारी उपकरणं परवान्याशिवाय आपल्या देशात बाळगता येत नाहीत, हे ग्रुपला दोनदा सांगा. परदेशातून कुणी भाऊ-मेहुण्याने भेट दिलेलं असं यंत्र बॅगेत निघालं तर सगळ्यांची रवानगी पोलीस ठाण्यात होईल. ड्रोनही घरी ठेवा. पोखरणच्या बाजूला लष्कराची गोळीबाराची मैदानं आहेत, तिकडे तर नकाशावर कितीही मोकळं दिसलं तरी पाय ठेवायचा नाही.

आणखी एक गंमत अशी की तनोटकडे जाताना लागणाऱ्या रामगडच्या वाटेवर आता इंदिरा गांधी कालव्याचं पाणी पोहोचलंय. वाळवंट बघायला म्हणून निघाल तर काही ठिकाणी शेतांच्या बांधावरून चालावं लागेल.

त्यापेक्षा नैर्ऋत्येकडे चला. पहिला दिवस जैसलमेर ते लोद्रवा, पंधरा किलोमीटर, सोपं. जैसलमेर ११५६मध्ये वसलं त्याआधी भाटी राजांची राजधानी लोद्रव्याला होती, तिथलं जैन मंदिर संध्याकाळच्या उन्हात बघा. तिथून कुलधरा आणि खाभा. ही पालीवाल ब्राह्मणांची गावं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस पडली. लोक तिथे भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला जातात. तुम्ही खडीन बघायला जा. कातळाच्या उतारावरून येणारं पाणी सखल जागी मातीचा लांब बांध घालून अडवायचं, ते मुरू द्यायचं, आणि त्या ओलाव्यावर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. चहूबाजूला दगड आणि वाळू, आणि मध्ये अचानक हिरवागार हरभरा. दीडशे-दोनशे मिलिमीटर पावसात गहू पिकवणारी माणसं होती ती. शेताच्या आतून जाऊ नका, बांधावरूनच चाला.

खाभ्यानंतर कनोई-सम आणि मग दक्षिणेला खुडी. सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. सात दिवस चाल, एक दिवस पूर्ण विश्रांती, आणि एक दिवस हातचा राखून. हा राखलेला दिवस कुणी कितीही आग्रह केला तरी आधी खर्च करायचा नाही. या वाटेचा फायदा असा की दर दोन दिवसांनी डांबरी रस्ता जवळ येतो. कुणाचा पाय मुरगळला तर तिथवर उंटावरून नेता येतं, पुढे जीप आणि जैसलमेरचं रुग्णालय. रस्त्यावर पोहोचल्यावर १०८ला फोन लागतो.

चित्रातलं वाळवंट मनात असेल तर तेही थोडं सुधारून घ्या. जैसलमेरच्या आजूबाजूचा बराच भाग कातळ, खडी आणि झुडपांचा माळ आहे, त्याला तिथे मगरा म्हणतात. वाळूच्या टेकड्या, म्हणजे धोरे, सम आणि खुडीच्या बाजूला. मगऱ्यावर तुमची सह्याद्रीची पावलं चालतील, तासाला चार किलोमीटरही होतील. धोऱ्यात अडीच झाले तरी खूप. वाऱ्याच्या अंगाची बाजू, तिथे बहुधा नैर्ऋत्येची, दाबून घट्ट झालेली असते. पलीकडची उतरती बाजू मऊ आणि घसरती. चढायचं नेहमी घट्ट बाजूने, आणि शक्यतो सकाळी, दवाने वाळू बसलेली असताना.

समपासून खुडीपर्यंतची वाट राष्ट्रीय मरू उद्यानाच्या अंगाने जाते. ३,१६२ चौरस किलोमीटरचं हे उद्यान माळढोकचं शेवटचं मोठं घर आहे. तिथे त्याला गोडावण म्हणतात. देशात दीडशेही उरलेले नाहीत. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक एकेकाळी हमखास दिसायचा, आज तिथे तो दिसला तर बातमी होते. आपण घालवलेला पक्षी तिथे अजून आहे, हे लक्षात ठेवून त्या मातीवर पाय ठेवा. जैसलमेरच्या वन विभागाच्या वन्यजीव कार्यालयाकडून मार्ग आणि मुक्काम लेखी मंजूर करून घ्या, तीच प्रत जिल्हा प्रशासनाला आणि पोलीस ठाण्याला द्या. हे काम दोन महिने आधी सुरू करा. ते सांगतील त्या पट्ट्याला वळसा घाला, वाद घालू नका.

तारखा बदला. दिवाळीत, विशेषतः ती ऑक्टोबरात आली तर, तिथे दुपारी पस्तीसच्या वर पारा असतो. तुमच्यातल्या शिक्षकांची अडचण मला कळते. पण जानेवारीत संक्रांतीनंतरचा आठवडा किंवा फेब्रुवारीचा पहिला आठवडा, यासाठी रजा वाचवून ठेवा. नाताळ ते नववर्ष टाळा, तेव्हा समला गाणी, जीपगाड्या आणि गर्दी इतकी असते की वाळवंट ऐकूच येत नाही. २६ जानेवारीच्या आसपास सीमाभागातला बंदोबस्त वाढतो, तेही दिवस सोडा. आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास मरू महोत्सव असतो, शहरात खोल्या मिळत नाहीत.

जानेवारीतल्या थंडीला हलक्यात घेऊ नका. दिवसा चोवीस-पंचवीस, रात्री उघड्या माळावर पारा दोन-तीनपर्यंत उतरतो. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात वाळू गार पडते. घामाने ओले कपडे अंगावर ठेवून शेकोटीभोवती गप्पा मारणारा माणूस सगळ्यात आधी आजारी पडतो. मुक्कामावर पोहोचताच कपडे बदलायचे, कान झाकायचे, मग चहा. कधीकधी हिवाळ्यात पाऊसही येतो, त्याला तिथे मावठ म्हणतात. आपला मावठा. शेतकरी खूश होतो आणि तंबूवाले भिजतात, म्हणून अंथरायला आणि झाकायला प्लास्टिकचा कागद हवा.

शेकोटीसाठी लाकूड तोडायचं नाही. तिथली खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत बिश्नोई समाजाच्या ३६३ माणसांनी या झाडाला मिठी मारून प्राण दिले. गावाभोवती ओरण असतात, देवाच्या नावाने राखलेलं रान, आपल्या देवराईसारखं. तिथे पडलेली काटकीही उचलायची नाही. स्वयंपाकाला गॅस न्या. उंटवाले त्यांच्यापुरती सुकी काटकी जमवतील, त्यांना विचारून बसा.

सामानाच्या यादीने पानं भरायची नाहीत, तुम्हाला अकरा वर्षांचा अनुभव आहे. दोनच गोष्टी सांगते, ज्या सह्याद्री शिकवत नाही. भुरट नावाचं गवत असतं. त्याचे बारीक काटेरी दाणे लोकरीच्या मोज्यात, फ्लीसच्या जाकिटात, बुटांच्या लेसमध्ये शेकड्याने अडकतात. बोटाने ओढले तर कुसळ बोटात मोडतं आणि रात्री ठणकतं. गुळगुळीत कापडाची पँट, बुटांवर गेटर, म्हणजे घोट्याभोवतीचं आवरण, आणि प्रत्येकाच्या खिशात एक बारीक चिमटा ठेवा. स्थानिक लोक पूर्वापार चिमटा जवळ बाळगतात, ते उगाच नाही. दुसरं, बुटांत वाळू गेली की लगेच थांबून झटका. ‘मुक्कामावर बघू’ म्हणणाऱ्याच्या टाचेला तासाभरात फोड येतो. सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे, विंचू आणि फुरसं दोन्ही तिथे आहेत, थंडीत सुस्त असले तरी.

नुसतं पाणी पीत राहणंही घातक असतं. घामाबरोबर मीठ जातं, आणि रक्तातलं मीठ फार पातळ झालं की डोकं दुखतं, उलटी होते, माणूस बरळायला लागतो. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, आणि ते आणखी पाजतात. रोज एक-दोन पाकिटं ओआरएस, जेवणात लोणचं, आणि आमसुलं तर नक्की न्या. मीठ घातलेलं आमसुलाचं सार संध्याकाळी चौदा जणांचे चेहरे बदलून टाकतं.

आता मावशी.

इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने चालायला हरकत नाही, पण तिच्या डॉक्टरांनी आठ दिवसांच्या चालीचा कार्यक्रम वाचून डोस ठरवून द्यायला हवा. दिवसभर चालल्यावर साखर रात्री झोपेत उतरू शकते, तेव्हा तंबूत तिच्याबरोबर हे जाणणारी व्यक्ती हवी, उशाशी खडीसाखर हवी. इन्सुलिन दुपारच्या उन्हात तापता कामा नये आणि पहाटे गोठताही कामा नये, रात्री ते झोपायच्या पिशवीत अंगाशी ठेवायचं. आणि पाय. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर फोड दुखत नाही, म्हणून कळत नाही. रोज रात्री दुसऱ्या कुणीतरी टॉर्च लावून तिचे तळवे बघायचे, बोटांच्या मधली जागासुद्धा. हे काम लाजेचं नाही. मी माझ्या थोरल्या जावेचे तळवे सहा रात्री बघितले आहेत.

पण तिला न्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवूच नका. चाचणी ठरवू दे, आणि चाचणी चौदा जणांना एकच. डिसेंबरात दोन दिवस डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर जा. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी मऊ वाळू, पाठीवर सहा किलो, दोन्ही दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर, त्यातला काही वेळ भर उन्हात. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळे पार पडतील. बघायचा तो दुसरा दिवस. कुणाचे पाय सोलले, कुणी चिडचिड केली, कुणी पाणी लपवून ठेवलं, कुणी मागे पडलेल्याकडे वळून बघितलं नाही, हे सगळं तिथे दिसेल. उंट नको म्हणणाऱ्या मुलांनाही तिथे पंचवीस किलो घेऊन चालू द्या, तुम्हाला वेगळं समजवावं लागणार नाही.

मावशी त्यात पार पडली तर ती येते. नाही पडली तर रस्ता जवळ येतो त्या मुक्कामांवर ती जीपने भेटेल, रोजचा सोपा अर्धा टप्पा चालेल. हे तिला चाचणीच्या आधी सांगा, नंतर नाही. सत्तावन्नाव्या वर्षी माझ्या आईला मी एका यात्रेतून शेवटच्या क्षणी वगळलं होतं, ‘तुझी काळजी वाटते’ म्हणून. तिला वगळल्याचं दुःख झालं नाही, आधी विचारलं नाही याचं झालं. मावशीने ‘बोलणार नाही’ म्हणणं हे तेच आहे. तिला विचारलं जायला हवंय.

निघायच्या आधी सगळ्यांनी एकत्र बसून काही गोष्टी कागदावर लिहून सह्या करा. परत फिरायचा निर्णय एकाच व्यक्तीचा, तो तुमचा, आणि तुम्ही नसाल तर कुणाचा, ते नावासकट. चालीचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा, आणि तो माणूस पुढून दुसरा. शेवटी नेहमी एकच ठरलेला अनुभवी गडी. प्रत्येक धोऱ्याच्या माथ्यावर मोजणी, चौदा झाल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. धोऱ्यांत दोनशे पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो आणि त्याची हाकही वाळू गिळते, म्हणून गळ्यात शिट्टी. एकटा पडलेला माणूस जिथे असेल तिथेच माथ्यावर बसून राहील, शोधत फिरणार नाही. पाणी सगळ्यांचं एकत्र मोजायचं, सकाळी आणि दुपारी, मोठ्याने. दोन दिवसांचा साठा दीड दिवसावर आला की पुढचा मुक्काम रद्द आणि रस्त्याकडे वळायचं. त्या क्षणी चर्चा करायची नाही, कारण तहानलेली माणसं चर्चा करत नाहीत, भांडतात.

आणि त्या टांक्याबद्दल. तिथल्या बऱ्याच ढाण्या उन्हाळ्यात टँकर विकत घेतात. ज्या दोन-तीन वस्त्यांवर तुम्ही मुक्काम करणार, तिथे तुमच्या खर्चाने आधीच टँकर पोहोचवा आणि तो गावाच्या किंवा घराच्या टांक्यात रिकामा करायला सांगा. उंटवाला हे जमवून देतो, चौदा जणांत वाटला तर खर्च फार नाही. आम्ही पुढच्या खेपेला तसंच केलं. बाटलीमागे पैसे देऊ करण्यापेक्षा हे त्यांना पटतं. मग पाणी घेताना, ते तुम्हीच भरलेलं असलं तरी, आधी विचारा: ‘टांके में पानी कितना है?’ आणि उत्तर ऐकून घ्या.

आजच मावशीला फोन करून बोर्डीच्या तारखा द्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचे पाय कसे राहिले, ते मला नक्की कळवा.